सही खरी, पण पान कोणाचे?

मे 2018. पॅरिसच्या आर्टक्युरियल या लिलावगृहात एक जुना कागद विक्रीला आला. साधारण 35 सेंटिमीटर उंच, 25 सेंटिमीटर रुंद. त्यावर काळ्या शाईत आणि जलरंगांत काढलेला एक यंत्रमानव मुलगा होता: जगाने ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ म्हणून ओळखलेला आणि जपानने ‘तेत्सुवान आतोमु’ म्हणून लाडावलेला, ओसामु तेझुका यांचा मानसपुत्र. बोली चढत गेली आणि अंदाज केव्हाच मागे टाकून 2 लाख 69 हजार 400 युरोंवर थांबली. जपानी चित्रकथेच्या, म्हणजे मांगाच्या, मूळ चित्रासाठी इतकी रक्कम मोजली गेल्याची बातमी जगभर छापून आली.

तेझुका यांनी आयुष्यभरात सुमारे दीड लाख पाने काढली असे मानले जाते. एकटा ‘आतोमु’च 1952 पासून 1968 पर्यंत मासिकातून चालला. एवढे प्रचंड काम करून गेलेल्या माणसाचे एक पान बाजारात येते आणि त्याची बातमी होते, याचा अर्थ बाकीची पाने बाजारात येतच नाहीत. मांगाच्या मूळ चित्रांमागे लागलेल्या संग्राहकाची खरी अडचण इथूनच सुरू होते. आणि या अडचणीतून तो कोणता मार्ग काढतो, यावर त्याचा छंद कलेला तारणार की ओरबाडणार हे ठरते.

शेजारच्या दोन बाजारांकडे पाहिले की फरक लगेच कळतो. जानेवारी 2021 मध्ये याच आर्टक्युरियलने एर्जे यांनी टिनटिनच्या ‘ब्लू लोटस’साठी काढलेले मुखपृष्ठ विकले, खर्च धरून किंमत सुमारे 32 लाख युरो झाली. पुढच्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्समध्ये 1984 च्या एका चित्रकथेतले स्पायडरमॅनचे एकच पान 33 लाख 60 हजार डॉलरना गेले. मांगाचा भाव याच्या आसपासही नाही. याचा संबंध दर्जाशी लावणे चूक आहे. अमेरिकेत आणि फ्रान्स-बेल्जियममध्ये चित्रकार आपली मूळ पाने गॅलऱ्यांतून, संमेलनांतून उघडपणे विकतात. तो त्यांच्या उत्पन्नाचा भाग आहे. जपानमध्ये ही रीत रुजलीच नाही.

तिथे पान म्हणजे कामाचा कागद. चित्रकार जाड केंट कागदावर टाक आणि शाईने रेखाटतो, चुका पांढऱ्या रंगाने झाकतो, छायेसाठी ठिपक्यांचे पारदर्शक चिकटपत्र कापून लावतो. संगणकाआधीच्या काळात संवादांचे छापील तुकडेही याच पानावर डकवले जात. पान संपादकाकडे जाई, छपाईसाठी त्याचे छायाचित्र काढले जाई आणि मग ते परत चित्रकाराकडे येई. निदान यावे अशी अपेक्षा असे. प्रकाशकाला मिळतो तो छापण्याचा हक्क. कागद चित्रकाराचा राहतो. आज हा दंडक सर्वमान्य आहे, पण नेहमी तो पाळला गेला असे नाही.

खुद्द चित्रकारही पानांकडे पवित्र वस्तू म्हणून पाहत नसत. तेझुका नवी आवृत्ती निघताना आपलीच जुनी पाने कापत, चौकटी हलवत, नवे तुकडे जोडत. 1947 मध्ये गाजलेले त्यांचे ‘शिन ताकाराजिमा’ समग्र साहित्यात घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी ते पुन्हा नव्याने काढले. जिथे निर्मातेच असे वागत, तिथे छापखान्यातल्या माणसाने पानाला जपावे ही अपेक्षा तरी कशी करायची?

मूळ पान मिळत नाही म्हणून बहुतेक संग्राहक शिकिशीकडे वळतात. शिकिशी म्हणजे साधारण 24 बाय 27 सेंटिमीटरचा, कडेला सोनेरी पट्टी असलेला पांढरा पुठ्ठा. जपानमध्ये पाहुण्या कलावंताकडून, खेळाडूकडून त्यावर सही घेतात. खानावळींच्या भिंतींवर अशा पुठ्ठ्यांच्या रांगा दिसतात. मांगाचित्रकार त्यावर सहीबरोबर आपले एखादे पात्रही रेखाटून देतो. पुस्तक प्रकाशनाच्या वेळी, स्नेह्यांना, मदतनिधीसाठी, मासिकाच्या वाचकस्पर्धेचे बक्षीस म्हणून अशा शिकिशी वाटल्या जातात. दोन-चार मिनिटांत उमटलेली असली तरी ती रेघ चित्रकाराच्या हाताची असते. आणि चित्रकार गेला की हा ओघ कायमचा थांबतो. ‘बर्सर्क’चे केंतारो मिउरा 2021 मध्ये 54 व्या वर्षी गेले, ‘ड्रॅगन बॉल’चे अकिरा तोरियामा 2024 मध्ये 68 व्या वर्षी. त्यांच्या हातची शिकिशी आता नव्याने निर्माण होणार नाही.

शोधाचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे टोकियोतले नाकानो ब्रॉडवे. 1966 मध्ये उघडलेले हे बाजारसंकुल बाहेरून अगदी साधे दिसते. इथेच 1980 मध्ये मासुझो फुरुकावा यांनी जुन्या मांगा पुस्तकांचे एक टीचभर दुकान थाटले. फुरुकावा स्वतः ‘गारो’ या प्रयोगशील मासिकात चित्रकथा लिहिणारे. त्या दुकानाचा पुढे ‘मान्दाराके’ हा मोठा व्यवसाय झाला. आज त्याच इमारतीत त्याची अनेक दालने आहेत: कुठे खेळणी, कुठे जुनी मासिके, कुठे अ‍ॅनिमेशनची सेल्युलॉइड चित्रे, कुठे काचेआड शिकिशी. शिवाय त्यांचे लिलाव होतात, त्यांच्या याद्या निघतात आणि परदेशी संग्राहक त्या बारकाईने वाचतात. रद्दीत गेलेल्या मांगाला किंमत असते, हे जपानला दाखवून देण्यात या दुकानाचा वाटा मोठा आहे आणि तो मान्य करायलाच हवा.

पण जिथे भाव येतो तिथे नक्कलही येते. मांगातले पात्र हजारो वेळा छापलेले असते. सरावलेला हात ते सहज उतरवतो. सहीसुद्धा नमुना समोर ठेवून गिरवता येते. शिकिशीचा कोरा पुठ्ठा कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. त्यामुळे इंटरनेटवरील लिलावांत बनावट शिकिशींचा सुळसुळाट आहे आणि जपानमध्ये अशा विक्रेत्यांवर पोलिसांनी कारवाईही केली आहे. मुरलेला संग्राहक रेषेचा वेग पाहतो: खरा चित्रकार न थबकता ओढतो, नक्कल करणाऱ्याची रेघ वळणावर थांबते आणि तिथे शाई साचते. तो त्या त्या वर्षीची सहीची ढब तपासतो आणि छापील शिकिशी नाही ना, हे भिंगाखाली पाहतो. एवढे करूनही पुठ्ठ्याचा प्रवास ठाऊक नसेल, तर हाती उरतो तो अंदाज.

या बाजारात एक प्रथा आहे, तिच्याकडे लक्ष द्यायला हवे. चित्रकार शिकिशीवर पुष्कळदा ती ज्याला दिली त्याचे नावही लिहितो: अमुक यांस. पुढे विकली जाऊ नये हाही त्यामागचा एक हेतू असतो. बाजार अशा नावाच्या शिकिशीला कमी भाव देतो, कारण दुसऱ्याचे नाव असलेली वस्तू भिंतीवर कोण लावणार? काही विक्रेते तर ते नाव खरवडून टाकतात. हा उलटा न्याय आहे. ते नाव म्हणजे त्या कागदाचा जन्मदाखला. कोणी दिली, कोणाला दिली, बहुधा केव्हा दिली हे सगळे त्यात येते. जो संग्राहक नावाची शिकिशी जशीच्या तशी जपतो, त्याला चित्रकाराच्या हाताची खरी कदर आहे. बिननावाच्या चकचकीत पुठ्ठ्यासाठी दुप्पट मोजणारा बहुतेकदा फक्त बाजारभाव विकत घेत असतो.

मूळ पानांच्या बाबतीत प्रश्न याहून गंभीर आहे. चित्रकार विकत नसेल, तर बाजारात दिसणारे पान आले कुठून? काही पाने खरोखरच चित्रकाराने दिलेली असतात: भेट म्हणून, बक्षीस म्हणून, मदतीसाठी. पूर्वी मासिके वाचकांना मूळ पानेच बक्षीस देत, अनेकदा चित्रकाराच्या नाइलाजाने. ग्रंथालयांसारख्या भाडे-पुस्तकांच्या दुकानांसाठी काम करणाऱ्या चित्रकारांना तर ठोक रक्कम मिळे आणि पान परत येण्याचा प्रश्नच नसे. काही पाने छपाईच्या वाटेवर गहाळ झाली. आणि काही प्रकाशनसंस्था बुडाल्यावर त्यांच्या कपाटातून थेट जुन्या वस्तूंच्या बाजारात गेली. आपलीच पाने विक्रीला लागलेली पाहून या शतकाच्या सुरुवातीला चित्रकारांना संघटित व्हावे लागले.

2008 मध्ये हा वाद न्यायालयात पोचला. ‘कोंजिकी नो गाश!!’चे निर्माते माकोतो राइकू यांची पाच रंगीत मूळ चित्रे शोगाकुकान या मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून हरवली. त्यांनी दावा लावला आणि भरपाई मागताना चित्रांचे कलाकृती म्हणून असलेले मूल्यही मागितले. त्याच वर्षी 25 लाख 50 हजार येनवर तडजोड झाली. रक्कम फार मोठी नव्हती. पण छपाईनंतरही पानाला स्वतंत्र मोल उरते, हा मुद्दा त्यानंतर कोणाला झटकता आला नाही.

चित्रकारांना उघडा बाजार नको वाटण्याचे आणखी एक कारण आहे. जपानमध्ये वारसाकराचा वरचा दर 55 टक्क्यांपर्यंत जातो. पानांना लिलावात लाखोंचा भाव मिळू लागला, तर घरात हजारो पाने ठेवून गेलेल्या चित्रकाराच्या मुलांना तो कर कशातून भरायचा, ही चिंता तिथे गंभीरपणे मांडली जाते. कर भरायला पाने विकली किंवा तो टाळायला नष्ट केली, तर नुकसान सगळ्यांचेच. म्हणून परदेशी लिलावातला प्रत्येक विक्रम हा मांगाचा गौरव आहे असे म्हणताना जरा थांबायला हवे.

जपानने हे नुकसान एकदा सोसले आहे. उकियो-ए, म्हणजे एदो काळातली लाकडी ठशांची रंगीत चित्रे, तिथल्या सामान्य माणसाची स्वस्त करमणूक होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती जहाजे भरून युरोप-अमेरिकेत गेली. आज बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात अशी 50 हजारांहून अधिक जपानी ठसाचित्रे आहेत. त्यातला एक अत्यंत दुर्मीळ भाग स्पॉल्डिंग बंधूंनी 1921 मध्ये दिला आणि अट घातली की ही सुमारे साडेसहा हजार चित्रे कधीही प्रदर्शनात लावायची नाहीत, कारण उजेडाने रंग उडतात. त्या अटीमुळे तो संग्रह जगातला सर्वांत ताज्या रंगांचा राहिला. इथे दोन गोष्टी एकत्र दिसतात. मायदेशाने दुर्लक्ष केले आणि परक्या संग्राहकांनी जपले. त्याच वेळी होकुसाई आणि हिरोशिगे या उकियो-ए चित्रकारांचा अभ्यास करायला जपानी माणसाला समुद्र ओलांडावा लागला.

म्हणजे संग्राहक हा खलनायक नाही. मांगाचा इतिहास आज लिहिता येतो, तो बऱ्याच अंशी हट्टी संग्राहकांमुळेच. तोशिओ नाइकी भाड्याने पुस्तके देण्याचे दुकान चालवत. इतरांनी फेकलेली पुस्तके ते साठवत गेले आणि 1978 मध्ये त्यांनी टोकियोत मांगाचे ग्रंथालय सुरू केले. ‘कॉमिकेट’ या प्रचंड मेळ्याच्या संस्थापकांपैकी एक, समीक्षक योशिहिरो योनेझावा 2006 मध्ये गेल्यावर त्यांचा संग्रह मेइजी विद्यापीठाकडे आला आणि 2009 मध्ये तिथे त्यांच्या नावाचे ग्रंथालय उघडले. नाइकी यांचे ग्रंथालयही पुढे याच विद्यापीठाने सांभाळायला घेतले. अमेरिकेतले उदाहरण तर याहून बोलके आहे. स्पायडरमॅन ज्यात पहिल्यांदा अवतरला त्या अंकाची स्टीव्ह डिटको यांनी काढलेली 24 मूळ पाने 2008 मध्ये कोणा अनामिकाने काँग्रेसच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. ती लिलावात गेली असती, तर किती रक्कम आली असती याची कल्पनाच केलेली बरी.

मूळ पानांसाठी जपानमधले सर्वांत आशादायक काम एका छोट्या शहरात चालू आहे. उत्तरेकडील आकिता प्रांतातल्या योकोते शहराच्या मासुदा भागात 1995 पासून एक मांगा संग्रहालय आहे. मासेमारीवरील ‘त्सुरिकिची सानपेई’चे जनक ताकाओ यागुची तिथलेच. त्यांनी आपली सुमारे 42 हजार पाने गावाला सोपवली. 2019 मध्ये संग्रहालयाचे नूतनीकरण झाले, तेव्हा मूळ पानांचे जतन हेच त्याचे मुख्य काम ठरले. आज तिथे अनेक चित्रकारांची मिळून 4 लाखांहून अधिक पाने आहेत. ती आम्लविरहित कागदात ठेवतात, एकेक पान स्कॅन करतात, तापमान आणि आर्द्रता सांभाळतात. पान चित्रकाराचेच राहते. त्याला फक्त सुरक्षित घर मिळते.

जागा कशी निवडावी याचा धडा इशिनोमाकी शहराने दिला. मांगाचित्रकार शोतारो इशिनोमोरी यांच्या नावे सर्वाधिक चित्रकथा-पानांचा, 1 लाख 28 हजारांचा, गिनीज विक्रम आहे. त्यांचे संग्रहालय मियागी प्रांतातल्या या शहरात, नदीतल्या बेटावर 2001 मध्ये उभे राहिले. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत त्याचा तळमजला उद्ध्वस्त झाला. मूळ चित्रे वरच्या मजल्यांवर होती म्हणून वाचली. वर्षभराने, 2012 मध्ये, मांगाचित्रकार कात्सुहिरो ओतोमो यांनी टोकियोत सुमारे 3 हजार मूळ पानांचे प्रदर्शन भरवले. त्यांच्या ‘अकिरा’ या मांगाची सगळी पाने एकत्र मांडली गेली आणि मिळकतीचा काही भाग भूकंपग्रस्तांना गेला. ओतोमो स्वतः त्याच मियागी प्रांतातले. पाने विकली असती तर ती शंभर दिवाणखान्यांत विखुरली असती आणि असे प्रदर्शन कधी भरलेच नसते.

सरकारने मात्र एक मोठी संधी घालवली. 2009 मध्ये मांगा-अ‍ॅनिमेशनसाठी 11.7 अब्ज येन खर्चून राष्ट्रीय केंद्र उभारण्याचा बेत होता. विरोधकांनी त्याला ‘सरकारी मांगा कॅफे’ म्हणून हिणवले आणि सत्ताबदल होताच तो रद्द झाला. इमारतीवरची टीका समजण्यासारखी होती. पण कागद त्या वादापायी थांबून राहत नाही: चिकटपत्र सुकून सुटते, डिंकाचे डाग पिवळे पडतात, मार्करचे रंग उडतात. आता तर बहुतेक नवे चित्रकार थेट संगणकाच्या पडद्यावर काढतात. त्यांचे मूळ पान अस्तित्वातच येत नाही. कागदावरचा मांगा हा एक ठरावीक कालखंड आहे आणि तो संपत आला आहे. त्याचा साठा आता फक्त घटणार.

त्यामुळे काही गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. प्रकाशनसंस्थांनी गोदामांत पडून असलेली सगळी पाने चित्रकारांना किंवा त्यांच्या वारसांना परत करावीत आणि त्याची नोंद जाहीर करावी. सार्वजनिक संग्रहालयाला दिलेल्या पानांवर वारसांना कर लागू नये, अशी सोय जपान सरकारने करावी. लिलावगृहांनी पान चित्रकाराकडून बाहेर कसे आले, हे लेखी सांगितल्याशिवाय ते विक्रीला घेऊ नये. उरते ते भिंतीवर काहीतरी हवेसे वाटणे. ती हौस भागवायला चांगले मार्ग आहेत. कियोतो सेइका विद्यापीठात चित्रकार केइको ताकेमिया यांच्या पुढाकाराने 2001 पासून मूळ पानांच्या इतक्या बारकाईच्या प्रतिकृती होतात की पेन्सिलीच्या खुणाही दिसतात. शुएइशा या प्रकाशनसंस्थेने 2021 पासून चित्रकारांच्या संमतीने दर्जेदार, नोंदणीकृत मुद्रिते विकायला सुरुवात केली. यातला पैसा निर्मात्याकडे जातो आणि पान जागेवर राहते.

हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही. डोरेमॉन आणि शिनचॅन पाहत वाढलेली पिढी आता मुंबई-पुण्यात कमावती झाली आहे. तेझुकांचा ‘बुद्ध’ भारतीय आवृत्तीत वाचलेले अनेकजण आहेत आणि जपानमधून मध्यस्थामार्फत वस्तू मागवणे आता अवघड राहिलेले नाही. अशा वाचकांना एवढेच सांगणे आहे: शिकिशी घ्यायची तर ती कोणाला, केव्हा, कुठे दिली गेली हे आधी विचारा आणि तिच्यावर नाव असेल तर ते पुसू नका. मूळ पान समोर आले तर ते चित्रकाराने स्वतः दिल्याचा पुरावा मागा. पुरावा नसेल तर किंमत कितीही मोहाची असो, ते घेऊ नका. आणि अशी एखादी खरी वस्तू आज तुमच्याकडे असेल, तर तुमच्यानंतर ती कोणत्या संग्रहालयाला द्यायची हे आताच लिहून ठेवा.